काठ नसलेली चित्रं

1800 सालच्या एप्रिलपासून लंडनच्या लायसियममध्ये लोक तिकीट काढून श्रीरंगपट्टणचा पाडाव बघायला जात होते. रॉबर्ट केर पोर्टर नावाच्या विशी-बाविशीतल्या चित्रकारानं सुमारे 120 फूट लांब कापडावर टिपू सुलतानाच्या किल्ल्यावरचा शेवटचा हल्ला रंगवला होता. कापड अर्धवर्तुळात ताणलेलं, त्यामुळे मधोमध उभं राहिलं की डावीकडे लढाई, उजवीकडेही लढाईच. पोर्टर हिंदुस्थानात कधी आलेला नव्हता. ऐकीव माहितीवर त्यानं तट, दऱ्या आणि पडणारे शिपाई उभे केले. टिपू मारला गेला 4 मे 1799 रोजी. म्हणजे वर्ष उलटायच्या आत म्हैसूरची हार लंडनकरांच्या करमणुकीला हजर होती.

बंगळुरूत 2023 मध्ये व्हॅन गॉगच्या चित्रांचा भिंतींवरचा प्रकाशखेळ आला तेव्हा ‘चित्राच्या आत शिरण्याचा अनुभव’ अशी त्याची जाहिरात झाली. नवं तंत्र, नवा अनुभव, असा सगळा सूर. तंत्र नवं आहेच. पण हेतू आणि धंदा दोन्ही जुने. रॉबर्ट बार्कर या चित्रकारानं 1787 मध्ये वर्तुळाकार चित्राचं पेटंट घेतलं आणि पुढे लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत बांधली. त्यातली खरी युक्ती चित्रात नव्हती, चित्राचा काठ लपवण्यात होती. प्रेक्षकाच्या डोक्यावर छत्रीसारखं आच्छादन टाकायचं, म्हणजे कापडाची वरची कड दिसत नाही. पायाशी कठडा, म्हणजे खालची दिसत नाही. उजेड वरून, आडोशानं. आजच्या दालनात तेच काम प्रोजेक्टर करतात. दोन झोत जिथे एकमेकांवर येतात तिथे दोघांचाही उजेड थोडा थोडा उतरवत नेतात, म्हणजे जोड दिसत नाही. भिंतीच्या फार जवळ गेलात तर मात्र सूर्यफुलांवर तुमचीच सावली पडते. कडेवरच्या पोरांना एवढंच बघायचं असतं, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

काठ लपला की आणखीही काही लपतं. हे चित्र कोणी, कोणासाठी, कोणाच्या पैशानं केलं, हा प्रश्न त्या अंधारात सुचत नाही. लायसियममध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला जिंकणाऱ्याच्या जागी उभं केलेलं होतं, आणि ते त्याला कळू न देणं हीच त्या खेळाची करामत होती.

बंगळुरूहून श्रीरंगपट्टण अडीच-तीन तासांवर आहे. तिथल्या दर्या दौलत बागेतल्या महालात याच्या नेमकं उलट चित्र आहे. पश्चिमेच्या भिंतीवर पोल्लिलूरची लढाई: 1780 साली हैदर आणि टिपूनं कर्नल बेलीच्या इंग्रज तुकडीचा धुव्वा उडवला, तो प्रसंग. भिंतभर घोडे, हत्ती, फ्रेंच, दारूगाड्यांचा स्फोट आणि पालखीत हतबल बसलेला बेली. तीही प्रचाराचीच चित्रकला, पण इथे काठ लपवलेला नाही. खांब दिसतात, भिंत संपते तिथे चित्र संपतं, आपण टिपूच्या महालात उभे आहोत आणि टिपूची बाजू बघतो आहोत हे क्षणभरही विसरायला होत नाही. गंमत म्हणजे श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली याच महालात राहिला आणि आपल्याच लोकांच्या पराभवाचं ते चित्र त्यानं नीट करून घेतलं. लायसियमचं कापड मात्र आज उरलेलं नाही. त्यावरून केलेली छापील खोदचित्रं तेवढी संग्रहालयांत सापडतात.

या मुलखात विजेचा उजेड आला तो मात्र तमाशासाठी नाही, सोन्यासाठी. कावेरीवरच्या शिवनसमुद्रम् इथे 1902 मध्ये वीज तयार होऊ लागली ती थेट कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवायला. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी मंजुऱ्या मिळवून योजना मार्गी लावली, पण ते 1901 मध्येच गेले. खाणींचं भागल्यावर बंगळुरूचा नंबर लागला. 5 ऑगस्ट 1905 रोजी आजच्या के. आर. मार्केटच्या परिसरात रस्त्यावरचे विजेचे दिवे लागले. आशियातले हे पहिलेच, असं बंगळुरूकर सांगतात; या दाव्याला इतर शहरांचे आक्षेप असतील, आपण वाद घालायला नको. तेव्हाचे दिवाण पी. एन. कृष्णमूर्ती हे पूर्णय्यांच्या वंशातले. म्हणजे टिपूचा कारभार पाहणाऱ्या आणि त्याच्या पाडावानंतर वाडियारांचं राज्य सावरणाऱ्या देशस्थ दिवाणाचे वारस. गल्लीतल्या माणसाला त्या दिव्यांखाली उभं राहायला तिकीट लागत नव्हतं. त्याआधी तरी कुठे लागत होतं? शहाजीराजांची जहागीर असल्यापासूनच्या त्या जुन्या पेठेत चैत्री पौर्णिमेला आजही रात्रभर करगा निघतो. धर्मराय देवळातून निघालेला तो फुलांचा कळस तवक्कल मस्तान दर्ग्यातही थांबतो आणि अख्खी पेठ जागी राहते. चारी बाजूंनी वेढून टाकणारा अनुभव म्हणायचा तर तो हा.

आपल्याकडेही अंधारात उजेड दाखवण्याचा धंदा सिनेमाच्या आधीपासून होता. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी 1892 मध्ये ‘शांभरिक खरोलिका’ सुरू केली. काचेच्या पट्ट्या हातानं रंगवायच्या, दिव्यासमोर सरकवायच्या, जोडीला गाणं आणि निवेदन. पट्टी रंगवणारा, सरकवणारा आणि गाणारा ही सगळी जिवंत माणसं होती आणि तिकिटाचे पैसे त्यांच्याच घरात जात.

हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रकाशखेळवाले पुन्हा पुन्हा व्हॅन गॉग, मोने, क्लिम्टच का आणतात? आवड हे एक कारण. पण व्हॅन गॉग 1890 मध्ये गेला, क्लिम्ट 1918 मध्ये, मोने 1926 मध्ये. आपल्याकडे कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या कामावरचा स्वामित्वहक्क संपतो. यांच्या चित्रांना मानधन नाही, परवानगी नाही, मूळ चित्र आणायचं नाही म्हणून विमाही नाही. बंगळुरूच्याच शीला गौडा किंवा पुष्पमाला एन. यांचं काम दाखवायचं तर त्यांना विचारावं लागेल, पैसे द्यावे लागतील आणि त्या नाही म्हणू शकतील. जित्यापेक्षा मेलेला चित्रकार स्वस्त पडतो. एवढं करूनही हे गणित टिकत नाही ते नाहीच. उत्तर अमेरिकेत या खेळांची लाट आणणाऱ्या लाइटहाउस इमर्सिव्ह या टोरांटोच्या कंपनीला 2023 मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. खेळ येतात, जातात, मॉलमधली जागा पुढच्या सेलला मोकळी होते.

उजेडात बुडायचंच असेल तर म्हैसूरला जगनमोहन महालात सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं एक जलरंगचित्र आहे. हातात दिवा घेतलेली बाई, दुसरा हात ज्योतीच्या आड धरलेला, बोटांतून लालसर उजेड झिरपतो आहे. समोर बसली होती त्यांची मुलगी गीता. बरेच लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात, हे हळदणकरांचं दुर्दैव. ते अंधाऱ्या खोलीत ठेवलं आहे आणि बघणाऱ्यांपैकी निम्मे जण मागे बल्ब लावलाय का म्हणून वाकून बघतात. बल्ब नाही. जलरंगात उजेड रंगवायचा नसतो, कागद राखायचा असतो. रंग एकदा बसला की मागे घेता येत नाही. एका हातानं, एका कागदावर हे केलं आहे, आणि काठ चौकटीत स्पष्ट दिसतो.

बंगळुरूनं अशा कागदांसाठी, भिंतींसाठी आणि रस्त्यांसाठी भांडण केलेलं आहे, म्हणून हे शहर मला आवडतं. कस्तुरबा रोडवरच्या वेंकटप्पा गॅलरीत अवनींद्रनाथांचे शिष्य के. वेंकटप्पा यांची उटी-कोडाईची निसर्गचित्रं आहेत. पण तिथली दालनं स्वस्त भाड्यानं मिळत म्हणून नवख्या चित्रकारांचं पहिलं प्रदर्शनही तिथेच होई. ही सरकारी गॅलरी एका खासगी प्रतिष्ठानाकडे सोपवायचं घाटलं, तेव्हा 2016 मध्ये चित्रकारांनी उघड विरोध केला. ते हस्तांतर झालं नाही. ज्यांच्या प्रतिष्ठानाकडे ती जायची होती त्या अभिषेक पोद्दार यांनी त्याच रस्त्यावर स्वतःचं संग्रहालय, ‘मॅप’, उभारलं आणि ते 2023 मध्ये उघडलं. माझ्या मते यात दोघांचंही भलं झालं. खासगी पैशानं नवं घर बांधावं, सरकारी घर घेऊ नये.

चित्रकार बादल नंजुंडस्वामींनी तर गॅलरीचीही वाट पाहिली नाही. 2015 मध्ये सुलतानपाळ्याच्या खड्ड्यातल्या पाण्यात त्यांनी खोटी मगर सोडली, 2019 मध्ये खड्ड्यांच्या रस्त्यावर अंतराळवीर चालवला. पालिका धावत दुरुस्तीला आली. कोणत्या प्रकाशखेळानं पालिकेला असं धावायला लावलं आहे?

प्रकाशखेळ बंद करा असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. पण सरकारी इमारतींवर, तलावाकाठी, उत्सवात असे खेळ करायचे ठरले तर निविदेतच दोन अटी घालता येतील. एक, निम्मं काम हयात कर्नाटकी कलाकाराचं आणि त्याला लेखी मानधन. दोन, उघड्यावरच्या खेळाला तिकीट नाही. विधानसौधावर रविवारी दिवे लागतात ते लोक फुटपाथवरून फुकटच बघतात, त्यानं कोणाचं बिघडलेलं नाही.

आणि तिसरी गोष्ट, हिला तर निविदाही लागत नाही. चित्रकला परिषदेनं 2003 पासून चालवलेल्या चित्रसंतेला जानेवारीतल्या एका रविवारी कुमारकृपा रोडवरची वाहतूक बंद होते आणि हजारांहून जास्त चित्रकार फुटपाथवर चित्रं मांडून बसतात. घासाघीस होते, पोरं स्वतःचं रेखाचित्र काढून घेतात. रस्ता वर्षातून एकदाच का बंद होतो, जुलैत किंवा ऑक्टोबरात आणखी एकदा का नाही, हे शहराच्या वाहतूक पोलिसांना विचारायला हवं.