सॉफ्टवेअर आले, अक्षरओळख राहिली

पौड - मुळशी तालुका हा दऱ्याखोऱ्यांचा. मात्र संगणकावर फलक जुळविणाऱ्याने नेहमीचा 'र' वापरला, की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि सह्याद्रीच्या कुशीत समुद्र अवतरतो. चूक एका अक्षराची. परंतु ती ज्या शिक्षणातून जन्माला येते, त्याचा विचार गांभीर्याने होण्याची गरज आहे.

मुळशीचे रूप गेल्या काही दशकांत झपाट्याने पालटले. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, लवळ्याच्या डोंगरावर विद्यापीठे आली, पिरंगुटला कारखानदारी रुजली. त्याबरोबर नामफलक, वेष्टणे, माहितीपत्रके आणि संकेतस्थळे यांचे कामही वाढले. राज्य शासनाने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून कामगारसंख्या दहापेक्षा कमी असलेल्या आस्थापनांनाही देवनागरीतील मराठी फलक बंधनकारक केला. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी अटही घातली. ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या स्थानिक तरुणांसाठी ही रोजगाराची संधी आहे. प्रश्न आहे तो तयारीचा.

साधन म्हणजे विद्या नव्हे

डीटीपीच्या अभ्यासक्रमांत साधारणतः भर असतो तो सॉफ्टवेअरमधील आज्ञा पाठ करण्यावर. रंग कसा भरावा, सावली कशी द्यावी, अक्षर कसे ताणावे, हे विद्यार्थ्याला येते. अक्षर ताणल्यावर त्याच्या उभ्या आणि आडव्या रेषांच्या जाडीचे प्रमाण बिघडते, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. टायपोग्राफीची पाठ्यपुस्तके बहुतांशी रोमन लिपीवर बेतलेली आहेत. तेथील नियम देवनागरीला जसेच्या तसे लावले, की फसगत होते. रोमनमध्ये अक्षरांतील अंतर वाढविले तर शब्द ऐसपैस दिसतो. देवनागरीत त्याच कृतीने शिरोरेषा तुटण्याचा धोका असतो. दोन ओळींतील अंतर इंग्रजीइतकेच ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. मात्रांना वर-खाली जागा द्यावी लागत असल्याने एकाच आकारमानाची देवनागरी अक्षरे रोमनपेक्षा लहान भासतात. त्यामुळे कायद्यातील अट केवळ संगणकावरचा आकडा सारखा ठेवून पाळली जाईलच असे नाही. ती डोळ्यांनी पारखावी लागते.

तांत्रिक अडचणीही आहेत. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांसाठीची अक्षररचना निवडली नाही, तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. जुन्या फाँटमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. असा मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला, की निरर्थक चिन्हे उमटतात. इंटरनेटवर तो शोधताही येत नाही. युनिकोडने हा गुंता सोडविला. 'दऱ्या' अचूक उमटविण्यासाठी 'ऱ' या स्वतंत्र वर्णाची सोयही त्यात आहे. तथापि, ती सोय वापरण्यासाठी रफार आणि मराठीचा खास अर्धा 'र' यांतील भेद आधी ठाऊक असावा लागतो.

परंपरा घरचीच

या विषयाची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. शिशाचे खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याला देवनागरीचे शेकडो खिळे हाताळावे लागत. कोणता तुकडा कोठे बसतो, हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे टाइप देशभर नावाजले गेले. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला 'मंगल' हा फाँट घडविणारे र. कृ. जोशी (१९३६-२००८) हे मुळात सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीतील शिक्षक होते. याच संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने २००८ मध्ये 'टायपोग्राफी डे' हा उपक्रम सुरू केला. म्हणजे ज्ञान उपलब्ध आहे. ते गावोगावच्या वर्गापर्यंत झिरपलेले नाही.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. इंकस्केप, स्क्रायबस यांसारखी सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप' या समूहाचे 'मुक्त', 'बलू' हे देवनागरी फाँटही सर्वांना खुले आहेत. विद्यार्थ्याने पहिले काही तास संगणक बंद ठेवून बोरूने अक्षरे गिरवावीत. 'ग म भ न' असा आकारांच्या साम्यावरून अक्षरे शिकविण्याचा पाठ मराठी शाळांना नवा नाही, आणि अक्षरकुटुंबांचे हेच तत्त्व फाँट घडविणारे वापरतात. त्यानंतर गावातील एखाद्या फलकाचे छायाचित्र घेऊन त्यातील दोष शोधावेत आणि तोच फलक संगणकावर नव्याने जुळवावा. एवढ्या अभ्यासानेही नजर तयार होऊ लागते.

सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या सतत बदलतात आणि आज्ञा पाठ करणाऱ्याचे ज्ञान त्यांच्याबरोबर जुने होते. अक्षराची जाण मात्र टिकते. मराठी फलकाची सक्ती कायदा करू शकतो. तो शुद्ध आणि वाचनीय होण्याची हमी मात्र वर्गातूनच मिळू शकते. मुळशीच्या रस्त्यांवर आगामी काळात लागणारे फलक तेथील तरुणांनीच घडवायचे असतील, तर अभ्यासक्रमाची सुरुवात माऊसऐवजी अक्षरापासून व्हायला हवी.