परतीचे दोर कापू नका! समुद्रात पडलेल्या वैमानिकाची गोष्ट आणि तुमचा धंदा



"परतीचे दोर कापून टाका!" धंद्यावर भाषण देणारा जवळजवळ प्रत्येक जण हे वाक्य एकदा तरी टाकतोच. सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, सूर्याजींनी दोर कापले आणि मावळ्यांनी गड घेतला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण ती एका रात्रीची लढाई होती. तुम्हाला धंदा वीस वर्षं चालवायचा आहे. म्हणून माझं मत उलटं आहे: दोर कापू नका, आधी नीट बांधून घ्या. का, ते एका वैमानिकाच्या गोष्टीतून सांगतो.

साल 1940. इंग्लंडवर जर्मन विमानांचे हल्ले चालू होते. रिचर्ड हिलरी नावाचा 21 वर्षांचा पोरगा ब्रिटिश हवाई दलात स्पिटफायर हे लढाऊ विमान उडवायचा. 3 सप्टेंबरच्या सकाळी त्याच्या विमानाचं कॉकपिटवरचं नवीन झाकण सरकत नव्हतं. मेकॅनिकनी कानस लावली, तेल घातलं, तरी ते अर्ध्यावर अडकत होतं. तेवढ्यात उड्डाणाचा हुकूम आला. झाकण तसंच, आणि हिलरी वर.

वर लढाई जुंपली. एका जर्मन विमानावर त्याचा नेम बसला. खरं तर तिथूनच बाजूला व्हायला हवं होतं. पण मोह झाला, त्याने अजून एकदा गोळ्या झाडल्या आणि तेवढ्यात मागून त्याच्याच विमानाला फटका बसला. कॉकपिटमध्ये आग. झाकण उघडेना. हात आणि चेहरा भाजला. शेवटी तो शुद्ध हरपून बाहेर फेकला गेला, हवेत शुद्धीवर आला, पॅराशूट उघडलं आणि समुद्रात पडला.

भाजलेल्या बोटांनी त्याला पॅराशूटचे पट्टे सोडवता येईनात. एका क्षणी त्याने आशाच सोडली आणि लाइफ जॅकेटमधली हवा काढून टाकली. तरी तो बुडाला नाही, कारण न सुटलेल्या पॅराशूटने त्याला तरंगत ठेवलं. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याला पडताना पाहिलं होतं. मार्गेट गावची लाइफबोट तीन तास शोधत होती. दिशा चुकीची कळली होती, त्यामुळे बोट परत फिरायच्या बेतात होती. तेवढ्यात कुणाला तरी पाण्यावर पांढरं पॅराशूट दिसलं. हिलरी वाचला.

आता मला सांगा, त्याला कुणी वाचवलं? जिद्दीने? जिद्द तर पाण्यातच संपली होती. त्याला वाचवलं ते उडण्याआधी केलेल्या तयारीने: पॅराशूट, लाइफ जॅकेट, किनाऱ्यावर नजर ठेवणारी माणसं आणि हाक आली की निघणारी बोट. यातलं काहीही पडल्यानंतर उभं करता आलं नसतं.

ही गोष्ट सरकारलाही उशिरा कळली. जर्मनांनी आपल्या वैमानिकांना छोट्या रबरी होड्या आणि पाण्यावर रंग पसरवणारी पूड दिली होती. ब्रिटिश फायटर वैमानिकाकडे तेव्हा फक्त लाइफ जॅकेट. खूप माणसं समुद्रात गेली. मग 1941 च्या सुरुवातीला समुद्रातून सोडवण्यासाठी वेगळा विभाग काढला. हिशोब साधा होता. कारखान्यातून नवीन विमान लवकर येतं, तयार वैमानिक लवकर येत नाही.

हाच हिशोब तुमचा. दुकान, मशीन, भांडवल हे विमान. तुम्ही वैमानिक. पहिला धंदा बसू शकतो. विमान गेलं तर दुसरं घेता येईल, पण तुम्ही आणि तुमचं घर शाबूत राहिलं तरच.

मग दोर बांधायचे कुठे?

पहिला: घरखर्चाचे किमान सहा महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात. धंद्याला कितीही गरज पडली तरी त्याला हात नाही.

दुसरा: नोकरी सोडली की कंपनीचा आरोग्य विमा संपतो. राजीनामा देण्याआधी स्वतःचा आणि घरच्यांचा विमा काढा.

तिसरा: राहतं घर आणि घरातलं सोनं तारण ठेवू नका. मुद्रा योजनेत तारण लागत नाही. मात्र कर्ज फेडायचंच असतं, हे विसरू नका. आणि लक्षात ठेवा, प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचं कर्ज म्हणजे तुमचंच कर्ज.

चौथा: किनाऱ्यावर नजर ठेवणारं माणूस हवं. बायको, भाऊ, सीए, कुणीही. दर महिन्याला त्याला खरे आकडे दाखवा: उधारी किती, हप्ते किती. तुम्ही पडताय हे कुणी पाहिलंच नाही तर बोट निघणार कशी?

आणि ते अडकलेलं झाकण! करार तोंडी आहे, वसुली रखडलीय, भागीदाराशी हिशोब लिहिलेला नाही. "नंतर बघू" म्हणून सोडलेली ही कामं आग लागल्यावरच आठवतात.

काही जण म्हणतील, "सर, एवढा विचार केला तर माणूस धंदाच करणार नाही." असं नाही. पॅराशूट होतं म्हणून हिलरी कमी लढला नाही. त्या एका आठवड्यात त्याच्या नावावर शत्रूची पाच विमानं लागली.

गोष्टीचा शेवट मात्र कडू आहे. डॉक्टर आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी हिलरीवर अनेक शस्त्रक्रिया केल्या. समुद्रात पडलेल्या भाजलेल्या वैमानिकांच्या जखमा जास्त चांगल्या भरतात, हे पाहून याच मॅकिंडोंनी मिठाच्या पाण्याच्या आंघोळीचे उपचार सुरू केले होते. हिलरीने 1942 मध्ये आपल्या अनुभवावर गाजलेलं पुस्तक लिहिलं. पण हात पुरते बरे नसताना तो हट्टाने पुन्हा उडायला गेला. 8 जानेवारी 1943 च्या रात्री सरावाचं विमान कोसळलं. तो आणि त्याचा साथीदार दोघेही गेले. हिलरी 23 वर्षांचा होता.

म्हणून बुडालेल्या धंद्यातून बाहेर पडलेल्यांनाही सांगतो: वाचलात म्हणजे लगेच तयार झालात असं नाही. आधी देणी मिटवा, झोप नीट लागू द्या, मग दुसरं विमान बघा. तुमच्याबरोबर घरचे आणि कामगारही बसलेले असतात.

आज एक काम करा. कागद घ्या आणि चार दोरांपुढे लिहा: बांधला की नाही? जो बांधलेला नाही तो याच महिन्यात बांधा. कोणता दोर सगळ्यात अवघड वाटतोय, ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये सांगा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.