मुंबई जात विचारत नाही, हे कोण सांगते?

'मुंबईत कोणी कोणाला जात विचारत नाही.' हे वाक्य वर्तमानपत्रांतून, सिनेमांतून आणि आता रील्समधून इतक्या वेळा कानावर आदळते की आपलीच मुले ते बोलू लागली आहेत. म्हणून आम्ही विचारतो, कुठे विचारत नाही? लोकलमध्ये चौथी सीट देताना विचारत नाहीत, खरे आहे. वडापावच्या गाडीवर विचारत नाहीत, तेही खरे. पण भाड्याचे घर बघायला जा. पूर्ण नाव सांगा, मूळ गाव कोणते, नॉनव्हेज खाता का? या तीन प्रश्नांत जात निघते. एवढे करून 'आम्ही जातपात मानत नाही' म्हणायला हे मोकळे!

हा स्वभाव आजचा नाही. ज्या गिरण्यांनी मुंबई मोठी केली, त्या गिरण्यांच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामात, अस्पृश्यांना काम मिळत नसे. पगार तिथेच चांगला होता. कांडी बदलताना धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. यंत्र विलायतेचे, विटाळ गावचा! 1928 च्या संपात ही बंदी उठवण्याची मागणी घ्या, असे बाबासाहेबांना संपाच्या पुढाऱ्यांना बजावावे लागले. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांनाही हा अन्याय आपणहून दिसला नव्हता. त्याच बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष 7 नोव्हेंबर 1938 च्या संपात सगळ्या जातींच्या कामगारांसाठी रस्त्यावर उतरला.

काही मित्र म्हणतात, या शहराने आपल्याला काय कमी दिले? दिले ना. महारकीतून सुटून रोख पगार हातात आला तो इथेच. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब राहिले, 1924 साली परळच्या दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम सुरू झाले, 1946 साली सिद्धार्थ कॉलेज उघडले. पण या गोष्टी शहराच्या दिलदारपणातून आल्या नाहीत. आमच्या माणसांनी चार-चार आणे वर्गणी काढून, संघटना बांधून त्या उभ्या केल्या. त्याचे श्रेय 'मुंबई स्पिरिट'ला देणे ही चोरी आहे.

आणि हे स्पिरिट नेमके कोणाचे? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस पडला, शहर बुडाले. कौतुक झाले मुंबईकरांच्या जिद्दीचे. पण नंतरचा चिखल, मेलेली जनावरे, तुंबलेली गटारे साफ करणारे हात बहुतेक कोणत्या जातींचे होते, हे विचारले गेले नाही. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन 10 माणसे मेली. त्या दिवशी हे स्पिरिट कुठे होते? दर 6 डिसेंबरला लाखो लोक चैत्यभूमीवर येतात आणि पिशव्या भरून पुस्तके नेतात. दादरच्या काही सुशिक्षितांना मात्र त्यात फक्त गर्दी आणि कचरा दिसतो.

घर मिळावे म्हणून आज आपले काही तरुण आडनाव लपवतात, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो कपाटात ठेवतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. दोष त्यांना ते करायला लावणाऱ्या शहराचा आहे. पण गप्प राहिलो तर 'जात विचारत नाही' या खोटेपणाला आपणच साक्षीदार ठरू. म्हणून घर नाकारले की तारीख, इमारत आणि कारण म्हणून सांगितलेले शब्द लिहून ठेवा. मेसेज पुसू नका. वस्तीतल्या विहारात, संघटनेत ते मांडा. एकट्याचा अपमान घरातच जिरतो, शंभर जणांची नोंद पुढे ठेवली तर उत्तर द्यावे लागते.

मुंबई आमच्या घामाची आहे. तिथे राहण्यासाठी आम्ही नाव बदलणार नाही.

जय भीम!