बोटे मोजली, हात कोण मोजणार?

भोसरी, तळवडे, चाकणच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटे गमावलेला कामगार शोधायला लांब जावे लागत नाही. गाड्यांचे सुटे भाग बनविणारी लहान वर्कशॉप, कंत्राटी पोरे आणि डोक्यावर उत्पादनाचा तगादा! 'सेफ इन इंडिया' या संस्थेचे 'क्रश्ड' अहवाल २०१९ पासून हेच ओरडून सांगत आहेत. अनेकांच्या हाती ईएसआयचे कार्ड अपघातानंतरच पडते, हेही त्यांनीच नोंदविले. आमचा आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. या कामगाराला जो कृत्रिम हात किंवा स्प्लिंट दिला जातो, तो कशाच्या आधारावर?

डॉक्टर आणि अवयव बनविणारे तंत्रज्ञ अनुभवाकडे बोट दाखवितात. अनुभवाला आम्ही कमी लेखत नाही. पण डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली पुराव्यावर आधारित उपचारांची जी मांडणी केली, तिच्यात संशोधन, डॉक्टरचा अनुभव आणि रुग्णाची स्वतःची गरज या तिन्हींना स्थान होते. आपल्याकडे मधले तेवढे उरले. परदेशात या तंत्रज्ञांना विचारून झालेल्या पाहण्यांत बहुतेकांनी पुराव्याचे महत्त्व मान्य केले. अडचण सांगितली ती वेळेची, कामाच्या बोजाची आणि उपयोगी संशोधनाच्या तुटवड्याची. ही अडचण खरी आहे. दारात रांग असताना तंत्रज्ञाने शोधनिबंध कधी वाचायचे? मात्र दिलेला हात सहा महिन्यांनी कामगार वापरतो की खुंटीला टांगतो, एवढे विचारायला शोधनिबंध लागत नाही.

आम्हा वकिलांना न्यायालयात पुराव्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. तरी कायद्याचीही दृष्टी इथे तोकडीच पडली. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के कमाईची क्षमता गेली, असा हिशेब होता. उरलेल्या हाताने नट आवळता येतो का, डबा उघडता येतो का, हे त्या यादीने कधी विचारले नाही.

महागडे यंत्र दिले की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांसाठी एक आकडा. कृत्रिम हात वापरणे सोडून देणाऱ्यांविषयी पंचवीस वर्षांत झालेल्या अभ्यासांचा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढांमध्ये दोरीने ओढून चालणारा हात सरासरी २६ टक्के लोकांनी टाकला आणि विजेवर चालणारा २३ टक्के लोकांनी! किमतीतली तफावत पाहा आणि हा फरक पाहा. शिबिरांतून फुकट वाटला जाणारा एलएन-४ हात तर कोपराखाली हात तुटलेल्यांसाठी आहे. प्रेसखाली बहुधा बोटे जातात. त्या कामगाराने शिबिरातून काय घेऊन जायचे? फोटो?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, मार्च १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपविले गेले आणि त्यातूनच १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. वर्गणी भरणाऱ्याचा तो हक्क आहे. कृत्रिम अवयव ही खैरात नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मानकांतही वापरणाऱ्याचा सहभाग आणि नंतरचा पाठपुरावा सेवेचाच भाग मानला आहे. कौशल्याचा दुष्काळ म्हणावा, तर वानवडीचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पुण्यातच आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अवयव दिल्यावर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी कामगाराला भरपगारी सुट्टीवर बोलवावे. कोणते काम जमते, कुठे टोचते, किती तास वापरतो, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि नोंदीची प्रत त्याच्या हाती द्यावी. चिंचवडच्या मोहननगरातील ईएसआय रुग्णालयापासून सुरुवात करता येईल. युनियननेही पुढच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली ही एक ओळ घालावी. वह्यांचा खर्च आम्ही वर्गणी काढून देऊ!