मैदानावरचा शिक्षक

खेळाडूचे मैदानावरील आयुष्य अल्प असते. शरीर थकले की खेळ सुटतो. मग खेळातून मिळवलेल्या विद्येचे काय होते? अमेरिकेतील अमॉस अलॉन्झो स्टॅग यांच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

स्टॅग यांचा जन्म १८६२ साली न्यू जर्सी राज्यात, जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरी झाला. येल विद्यापीठात ते दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. तेथे त्यांनी बेसबॉलचे मैदान गाजवले. चेंडू हातात घेऊन धावण्याच्या अमेरिकन फुटबॉलमध्येही त्यांनी नाव मिळवले आणि १८८९ च्या पहिल्या अखिल अमेरिकन संघात त्यांची निवड झाली. बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना मार्च १८९२ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे झाला, तेव्हा शिक्षकांच्या संघातून स्टॅग खेळले. विद्यार्थ्यांनी तो सामना ५–१ असा जिंकला. शिक्षकांचा एकमेव गुण स्टॅग यांचा होता.

धंदेवाईक बेसबॉलची आमंत्रणे त्यांनी नाकारली. धर्मोपदेशक होण्याची त्यांची इच्छा होती. परंतु आपल्याला वक्तृत्व साधत नाही, असे जाणवल्यावर तरुणांना घडवण्यासाठी त्यांनी मैदान निवडले. १८९२ साली शिकागो विद्यापीठाने त्यांच्याकडे शारीरिक शिक्षण विभाग सोपवला आणि त्यांना प्राध्यापकवर्गात स्थान दिले. संघाचे प्रशिक्षण आणि विभागाचा कारभार या दोन्ही जबाबदाऱ्या त्यांनी चाळीस वर्षे सांभाळल्या.

हे प्राध्यापकपद मला फार महत्त्वाचे वाटते. केवळ विजयासाठी नेमलेला प्रशिक्षक निकालाला बांधलेला असतो. शिक्षक विद्यार्थ्याला बांधलेला असतो. अर्थात, हा भेद टिकवणे सोपे नव्हते. स्टॅग यांच्या विजयांमुळेच प्रेक्षकांची गर्दी वाढली, भव्य क्रीडागार उभे राहिले आणि खेळाचा डामडौल वाढत गेला. पुढे १९३९ साली, अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या काळात, विद्यापीठाने आपला फुटबॉल संघच बंद केला. म्हणून खेळ हा शिक्षणाचा शत्रू ठरतो काय? मला तसे वाटत नाही. खेळाचे मोल केवळ जयपराजयावर ठरवले, की तो शिक्षणापासून दुरावतो.

सत्तरी गाठताच नियमानुसार स्टॅग यांना शिकागोचे प्रशिक्षकपद सोडावे लागले. मैदानाबाहेरचे सन्मानाचे काम त्यांना देऊ करण्यात आले होते. ते त्यांनी नाकारले आणि १९३३ साली कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा संस्थेत ते पुन्हा शिकवू लागले. १९४३ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, इतर प्रशिक्षकांनी त्यांची वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवड केली. १९६५ साली, एकशे दोन वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले.

आपल्या गावातही मुलांना पहाटे धावायला शिकवणारा एखादा माणूस असेल. त्याने किती चषक आणले, हे आपण लगेच विचारतो. त्याच्या हाताखालून गेलेली मुले पुढे कशी जगली, हेही आपण विचारले पाहिजे.