घरातले थिएटर आणि भंगारातला फोम

बंगल्याच्या तळघरात किंवा रिकाम्या पडलेल्या जादा खोलीत छोटेखानी थिएटर उभारण्याची हौस आता फक्त श्रीमंतांची राहिलेली नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये ती जुनीच आहे. प्रोजेक्टर स्वस्त झाले तशी ती इथेही रुजली. पडदा आणि स्पीकर घेतले की भिंतींसाठी पैसे उरत नाहीत. मग जुना बाजार गाठला जातो. मोडलेल्या सोफ्यातला फोम, कार्यालयातून उतरवलेले फॉल्स सीलिंग, गालिचे, अंड्यांचे ट्रे असे मिळेल ते भिंतीला चिकटवले जाते. टाकाऊतून टिकाऊ करण्याच्या या वृत्तीला माझा पाठिंबाच आहे. मात्र त्यातला जुना फोम घरात लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात ध्वनिशास्त्राचा पायाच उसन्या सामानावर रचला गेला आहे. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे पुढचे काही कळत नसे. वॉलेस सॅबिन या 27 वर्षांच्या प्राध्यापकाकडे हे काम आले. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या तो रात्री उचलून आणी, ऑर्गनची नळी वाजवी आणि घुमारा किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजी. गाद्या वाढल्या की घुमारा कमी होई. यातूनच खोलीचे आकारमान, शोषक पृष्ठभाग आणि घुमारा यांचे सूत्र निघाले. म्हणजे खोलीचा आवाज सुधारायला महागडे पॅनेलच लागते असे नाही. जाड, सच्छिद्र आणि पुरेसे सामान लागते.

गोंधळ होतो तो आवाज शोषणे आणि आवाज अडवणे यांत. सच्छिद्र वस्तूत शिरलेली ध्वनिलहर धाग्यांशी घर्षण होऊन किंचित उष्णतेत बदलते. हे झाले शोषण. त्याने संवाद स्वच्छ ऐकू येतात, शेजाऱ्याची झोप वाचत नाही. आवाज अडवायला वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले तरी आवाज जेमतेम पाच-सहा डेसिबलने घटतो आणि दाराखालची बोटभर फट सगळी मेहनत वाया घालवते. अंड्यांचे ट्रे यातले कोणतेच काम धड करत नाहीत. ते पातळ असतात, हलके असतात आणि लवकर पेटतात. इंचभर फोमही फक्त तीव्र, उच्च स्वर शोषतो. 100 हर्ट्झच्या खर्जाची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, तिला इंचभर जाडी जाणवतही नाही.

आता मुख्य धोक्याकडे येऊ. साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ नावाच्या नाइट क्लबमध्ये 100 जण दगावले. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून भिंतींना लावलेल्या फोमने तिथे पेट घेतला होता. जानेवारी 2013 मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरातल्या ‘किस’ क्लबमध्ये 242 बळी गेले, तेही छताच्या फोममुळेच. दोन्ही ठिकाणी ठिणगी आतषबाजीची होती. घरात आतषबाजी कोण करतो, असे कुणी म्हणेल. पण घरातही तापलेला एक्स्टेन्शन बोर्ड असतो, डासांची कॉइल असते, आणि तळघराला बहुधा एकच दार असते.

मग लावावे काय? दगडी लोकर म्हणजे रॉकवूल सर्वांत चांगली. ती जळत नाही आणि कार्यालयांच्या तोडफोडीत बऱ्यापैकी स्थितीत मिळते. लाकडी चौकटीत बसवून, सुती कापडात पूर्ण गुंडाळून, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून टांगावी. त्या पोकळीमुळे खालचे स्वरही थोडे शोषले जातात. कापताना मास्क, हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण तिचे तंतू त्वचेला आणि डोळ्यांना बोचतात. पुस्तकांनी भरलेली मांडणी, जाड पडदे, जमिनीवर सतरंजी हेही कामाचे. कापूसही जळतो, म्हणून गाद्या-गोधड्या वायरिंग आणि अॅम्प्लिफायरपासून दूर ठेवाव्यात. पॅनेल कुठे लावायचे ते ठरवायला आरसा पुरतो. तुम्ही आसनावर बसा, दुसऱ्याने तो भिंतीवरून सरकवावा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथे पॅनेल लावा.

दोन गोष्टी मात्र फुकट मिळाल्या तरी नाकाराव्यात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. ते कापले किंवा फोडले की कर्करोगकारक तंतू हवेत मिसळतात आणि आजार काही दशकांनंतर डोके वर काढतो. दुसरी गोष्ट म्हणजे ओल लागलेले गालिचे आणि गाद्या. पावसाळ्यात तळघरात त्यांवर बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णाला ती खोली सोसवत नाही. आधी ओल थांबवावी, हवा खेळती करावी, मगच भिंती सजवाव्यात.

एवढा खटाटोप कशाला? कानांसाठी. घुमणाऱ्या खोलीत संवाद कळत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकणे सुरक्षित आहे. दर 3 डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 89 डेसिबलला उरतात फक्त पाच तास, साधारण दोन चित्रपट. नीट शोषण झालेल्या खोलीत कमी आवाजातही सगळे ऐकू येते. शेजाऱ्यांचेही भले त्यातच आहे, कारण आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे.

‘साउंडप्रूफ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोमवर तो किती ज्वलनशील आहे हे ठळक छापणे सक्तीचे व्हायला हवे. भंगारातल्या फोमवर असा शिक्का कधीच नसणार, म्हणून तिथे निर्णय ग्राहकानेच घ्यायचा आहे. तळघरात चित्रपट बघायला सगळ्यात जास्त वेळ मुलेच बसणार आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी तो निर्णय अवघड नाही.