अफवेच्या आधी पोचणारी माणसे

'दहशतवाद' हा मराठी शब्द नीट पाहा. त्यातला 'दहशत' तुमच्या घरचाच आहे. मराठीने तो फार पूर्वी आपलासा केला आणि त्याला 'वाद' जोडला. दहशत म्हणजे भीती. बॉम्ब ठेवणाऱ्याला काही माणसे मारून थांबायचे नसते. जी माणसे वाचली, त्यांनी एकमेकांना भ्यावे, एकमेकांवर धावून जावे, हा त्याचा खरा हेतू असतो. पहिला घाव तो घालतो. दुसरा घाव आपण आपल्या हाताने घालावा, म्हणून तो वाट पाहत बसतो.

हा दुसरा घाव अडवणारी काही माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली, काही आजही आहेत. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्यांची नावे क्वचितच येतात. न झालेल्या दंगलीची बातमी कोण छापणार? माझ्या मते त्यांचे काम शाळेत शिकवले पाहिजे आणि यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड, दारव्हा या गावांतल्या मुलामुलींनी ते समजून घेतले पाहिजे.

तुम्ही म्हणाल, मुंबई कुठे आणि आपला जिल्हा कुठे! पण बातमीला अंतर नसते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री आपल्या पुसदचे सुधाकरराव नाईक होते. त्या दंगलींत सुमारे नऊशे माणसे मेली. त्यानंतर १२ मार्च १९९३ रोजी, शुक्रवारी, मुंबईत एकामागून एक बॉम्ब फुटले. २५७ माणसे गेली. आता पुन्हा दंगल उसळणार, असे सर्वांना वाटले. मात्र तशी मोठी दंगल झाली नाही.

त्या दिवसाची एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तेव्हा शरद पवार नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. त्यांनी दूरदर्शनवर स्फोटांची ठिकाणे सांगताना मशीद बंदर या मुसलमान वस्तीच्या भागाचेही नाव घेतले. तिथे स्फोट झालाच नव्हता. एकाच समाजावर हल्ला झाला असे वाटून लोक भडकू नयेत, म्हणून आपण मुद्दाम तसे सांगितले, हे पुढे त्यांनी स्वतःच कबूल केले. हेतू चांगला होता, यात शंका नाही. तरी मला हा मार्ग टिकाऊ वाटत नाही. असे असत्य एका रात्रीपुरते चालते. ते उघडे पडले, की लोक खऱ्या बातमीवरही शंका घेऊ लागतात. शांतता टिकायची असेल, तर खरे काय ते सांगणारा, ओळखीचा, विश्वासाचा माणूस आपल्या गल्लीतच हवा.

भिवंडीने हे करून दाखवले. भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातले यंत्रमागांचे शहर. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि मराठी माणसे, सगळी तिथे दाटीवाटीने राहतात. १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली या शहरात भयंकर दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले. ते काही समाजसेवक नव्हते, वर्दीतले अधिकारी होते. पण त्यांनी जे काम केले, ते समाजसेवेचेच होते. त्यांनी शहरभर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समितीत दोन्ही धर्मांची साधी माणसे घेतली, केवळ पुढाऱ्यांना घेतले नाही. दुकानदार, कारागीर, शेजारीपाजारी एकत्र बसू लागले.

ते काय बोलत असत, असे तुम्हांला वाटते? धर्मावर भाषणे? नाही. नळाला पाणी कधी येते, गटार कोणी तुंबवले, कोणाच्या मुलाचे कोणाशी भांडण झाले, असल्या बारीकसारीक गोष्टी! त्या भागाचा पोलीस शिपाईही तिथे बसत असे. हळूहळू माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. मग 'अमुक ठिकाणी आपल्या माणसाला मारले' अशी अफवा आली, की विचारायला कोणीतरी असे. पलीकडच्या मोहल्ल्यातला ओळखीचा माणूस सांगे, "मी इथेच उभा आहे, असे काही झालेले नाही." १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, ती अशा बारीकसारीक बोलण्यांच्या बळावर.

पुढे मुंबईतही अशी चळवळ सुरू झाली. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी हे पोलीस अधिकारी आणि सुशोभा बर्वे यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्यात होत्या. पोलीस आणि मोहल्ल्यातील तरुण यांचे क्रिकेटचे सामनेही त्यांनी भरवले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान हे दोन मित्र वस्तीवस्तीत फिरले. वकार खान कपडे शिवण्याच्या धंद्यातले. त्यांनी चार मुलांना हिंदू, मुसलमान, शीख आणि ख्रिस्ती वेश घालून त्यांचे छायाचित्र घेतले आणि 'हम सब एक हैं' असे भित्तिपत्रक काढले. तुम्हांला ते फार साधे वाटेल. पण दंगलीत होरपळलेल्या वस्तीत असे भित्तिपत्रक भिंतीवर लावायलाही धाडस लागते.

आता मालेगावकडे या. मोसम नदीच्या एका बाजूला मुख्यतः मुसलमान, दुसऱ्या बाजूला मुख्यतः हिंदू, असे हे गाव. २००१ साली तिथे दंगल झाली होती. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तान परिसरात आणि मुशावरत चौकात बॉम्ब फुटले. तीसहून अधिक माणसे मेली, त्यांत लहान मुलेही होती. पण या वेळी गाव पेटले नाही. नदीपलीकडची माणसे मदतीला आली, रक्त द्यायला उभी राहिली.

या स्फोटासाठी आधी नऊ मुसलमान तरुणांना पकडण्यात आले. त्यांतले बहुतेक जण सुमारे पाच वर्षे तुरुंगात राहिले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल गाड्यांतील स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मेले. त्या खटल्यात शिक्षा झालेल्या सर्व बारा जणांना जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच महिन्यात मालेगावच्या २००८ च्या स्फोटातील सात आरोपीही विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. पुरावे तपासायला न्यायाधीशांना इतकी वर्षे लागतात, आणि रस्त्यावरचा जमाव मात्र एका संध्याकाळी गुन्हेगार ठरवून मोकळा होतो! तोही कोणाला? ज्याचे दुकान जवळ आहे त्याला.

यावर काही जण चिडून विचारतात, "मग काय, मारणाऱ्याला माफ करायचे?" मुळीच नाही. ज्यांचे आईबाप, लेकरे गेली, त्यांना न्याय मिळालाच पाहिजे, आणि तो वेळेत मिळाला पाहिजे. शांततेचे काम करणाऱ्यांपैकी कोणी हे नाकारीत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत सापडलेल्या कसाबवर खटला चालला, त्याला वकील मिळाला, अपील करता आले, आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ रोजी फाशी झाली. त्याच हल्ल्यात ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा देण्यास मुंबईच्या मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. निरपराधांना मारणारे आमचे नव्हेत, असे त्यांनी सांगितले. काही दिवसांनी बकरी ईद आली, तेव्हा पुष्कळ लोक दंडाला काळ्या फिती लावून नमाजला गेले.

हे त्यांनी आपणहून केले, म्हणून त्याला मोल आहे. पण कोठे दूर स्फोट झाला, की वर्गातल्या किंवा बाजारातल्या एखाद्या मुलाला "तू कोणाच्या बाजूचा?" असे विचारणे, हे मला अन्यायाचे वाटते. तुम्हांला असे कोणी विचारले, तर मान खाली घालू नका आणि आवाजही चढवू नका. "ज्यांचा जीव गेला, त्यांच्या बाजूचा," इतकेच सांगा. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या हिंदू मुलावर कोणी असाच ठपका ठेवला, तर तिथेही हेच उत्तर द्या.

भिवंडीच्या काळी अफवा पायी चालत येई. आता ती मोबाइलवर येते आणि समितीचे लोक चपला घालेपर्यंत गावभर होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. तिथे धर्माचाही प्रश्न नव्हता; केवळ मोबाइलवरची अफवा होती आणि 'थांबा, आधी विचारू' असे म्हणणाऱ्याचे कोणी ऐकले नाही.

आपल्या जिल्ह्यात एकमेकांना विचारण्याची सवय अजून आहे. कापसाच्या बाजारात शेतकरी, हमाल, अडते, गाडीवान सारे एकमेकांना ओळखतात. आर्णीला बाबा कंबलपोशांच्या यात्रेत कोण कोणत्या जातीचा, हे कोणी पाहत नाही. सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठकही होते. पण वर्षातून दोनदा चहा पिऊन उठणाऱ्या समितीवर माझा फारसा भरवसा नाही. तिथे बहुधा तीच ती मोठी माणसे बसतात. स्त्रिया कमी, तरुण त्याहून कमी.

पुढच्या सणाआधी तुमच्या गावात अशी बैठक ठरली, की आपल्या सरांना किंवा बाईंना विचारा, "आम्हांला मागे बसून ऐकता येईल का?" नकार मिळाला, तर निदान समितीतल्या सदस्यांची यादी पाहून घ्या. तुमच्या गल्लीतले कोण आहे, शेजारच्या गल्लीतले कोण आहे, आणि रात्री दहा वाजता अफवा आली तर कोणाचे दार वाजवायचे, हे वहीत लिहून ठेवा.